शेजारच्या सीटचा ब्रेक

वस्तू नेहमी दोन्ही बाजूंनी पाहून घ्यावी, असं माझे वडील सांगायचे. मी गाडी दोन्ही बाजूंनी पाहून घेतली आणि तिथेच घात झाला.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. पाहणी करण्यात मी कच्चा माणूस नाही. पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात झाकणं तपासण्यात माझी हयात गेली आहे. झाकण सैल आहे की घट्ट, हे मी डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगतो. याच गुणाचं चीज म्हणून कंपनीने मला समुद्रापलीकडच्या या देशात धाडलं. इथे बारा महिने उकडतं, रोज दुपारी पाऊस कोसळतो, आणि कपाटात टांगलेल्या कमरेच्या पट्ट्यावर आठवड्यात हिरवी बुरशी चढते. इथली वाहतूक रस्त्याच्या उजव्या अंगाने चालते, त्यामुळे गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं. हे मला माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं, एवढंच माझं म्हणणं आहे.

जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात मी सवयीने उजवीकडचं दार उघडलं आणि रुबाबात आत बसलो. पायांनी पेडलं चाचपली. क्लच आणि ब्रेक, दोन्ही खणखणीत. मग हात पुढे केले, तर स्टिअरिंग नाही! विक्रेता खिडकीतून बघत होता. अशा वेळी माणसाने चेहरा हलू द्यायचा नसतो. मी सीट मागेपुढे करून पाहिली, समोरचा कप्पा उघडून आतला वास घेतला, "हं" म्हणालो आणि उतरून पलीकडून बसलो. तिथेही पेडलं होती, आणि तीही खणखणीत. गाडीत जे जे हवं ते सगळं आहे अशी माझी खात्री पटली. दोन्ही बाजूंना पेडलं सापडूनही ज्याच्या मनात शंका येत नाही, अशा गिऱ्हाइकाची तो विक्रेता बहुधा बरेच महिने वाट बघत असावा. त्याने माझा हात इतका वेळ हातात धरून ठेवला की मला उगाचच भरून आलं.

गाडी लागत होती ती हिच्यासाठी. आमची ही तिकडे शाळेत गणित शिकवायची, आणि नुसती शिकवायची नाही, तर वर्गाबाहेरून जाणारे शिपाईसुद्धा पाढे म्हणू लागत. माझी बदली झाली तेव्हा तिने ती नोकरी सोडली आणि त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. इथे आल्यावर भाजीवाली, कपडे शिवणारी, जिन्यावर भेटेल तो, अशा सगळ्यांशी बोलून बोलून ती इथली भाषा शिकली. मी मात्र कारखान्यात "सैल" आणि "घट्ट" या दोन शब्दांवर भागवत होतो. शेवटी नदीपलीकडच्या टेकडीवरच्या शाळेने तिला बोलावलं. नव्या सत्रापासून या, पण टेकडीवर बस येत नाही, तेव्हा वेळेवर पोचायची सोय तुमची तुम्ही करा, असं मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं. त्या दिवशी ही स्वयंपाकघरात गुणगुणत होती. इथे आल्यापासून तिचं गुणगुणणं मी ऐकलं नव्हतं. मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, "गाडी घेऊ. मीच सोडीन, मीच आणीन."

"तुम्हाला येते?" तिने विचारलं.

माझ्याकडे चारचाकीचं लायसन्स लग्नाच्या आधीपासून आहे. ते वापरायची वेळ फारशी आली नाही, कारण आम्ही स्कूटरवाले. पण वापरलं नाही म्हणून काय झालं? घरात चांदीची भांडी असतात, त्यांत कोणी रोज जेवतं का?

आमच्या वरच्या मजल्यावर आपल्याकडचे एक गृहस्थ राहतात. त्यांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव सांगतो" असं सुरू होतं, म्हणून आम्ही त्यांना अनुभवकाका म्हणतो. त्यांनी निम्मं आयुष्य इथे काढलं आहे आणि या निम्म्या आयुष्यात एकदाही गाडी घेतलेली नाही. त्यामुळे गाड्यांबद्दलचं त्यांचं मत निर्मळ राहिलं आहे. त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली आणि टपावर बोट ठेवलं.

"ही चार भोकं कसली?"

"हवेसाठी असतील," मी म्हणालो.

"माझा अनुभव सांगतो, या देशात भोकातून हवा येत नाही. पाणी येतं."

ते खरं निघालं. पहिल्याच दुपारी पावसाने गाडीच्या आत चार ठिकाणी धार धरली. मग काकांच्याच सल्ल्याने मी गाडी सावलीत लावायचं ठरवलं. गंमत म्हणजे सगळ्या आवारात सावलीची एकच जागा होती आणि ती चक्क रिकामी होती. बाकीचे भाडेकरू आपापल्या गाड्या भर उन्हात तापवत ठेवतात आणि मग हातरुमालाने स्टिअरिंग धरतात, हे बघून मला त्यांची कीव आली. संध्याकाळी टपावर तिसरा नारळ पडला तेव्हा सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. म्हणजे लोक वाटच बघत असावेत. त्या माणसांचं बोलणं मी इथे मराठीत सांगत नाही. बाकी सगळ्यांचं सांगतो आहे, म्हणजे माझी अब्रू गेली ती निदान मायबोलीत तरी जाईल.

आता मुख्य भानगडीकडे येतो. पहिल्या रविवारी मी हिला शेजारी बसवून गाडी रस्त्यावर काढली. पहिल्या वळणावर एक कुत्रं आडवं आलं. मी ब्रेककडे पाय नेतोय न नेतोय तोच गाडी आपोआप थांबली. मला वाटलं, वा, काय गाडी आहे! पुढे एका हातगाडीसमोर तसंच झालं. मग एका सायकलवाल्यासमोर. मग कोणीच नव्हतं तिथेही झालं, कारण पुढे शंभर पावलांवर एक म्हातारा रस्ता ओलांडायच्या विचारात उभा होता. दर वेळी गाडी गचका खाऊन बंद पडायची आणि मागच्या गाड्या भोंग्यांचा कल्लोळ करायच्या. ही समोर बघत शांत बसलेली.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाला स्वतःच चालवत एक चक्कर मारून आला, गाडी सुतासारखी चालली. मी म्हटलं, "बिघाड लपून बसतो. घरचं माणूस बरोबर असलं की उठतो." मग हिला पुढे बसवलं आणि तो मागे बसला. गेटापाशी कोंबडी आली आणि गाडी थाडकन थांबली. गॅरेजवाल्याने दोन सीटांच्या मधून मान खाली घातली.

"बाई, जरा पाय वर घेता?"

हिने पाय वर घेतले. त्याखाली एक क्लच होता आणि एक ब्रेक होता.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे ही ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे, साहेब. शिकवणारा या बाजूला बसतो. टपावर त्यांचा बोर्ड होता, त्याची ती भोकं. घेताना तुम्ही बघितली नाहीत पेडलं?"

"बघितली ना," मी म्हणालो. "दोन्हीकडची बघितली."

मी हिच्याकडे वळलो. "अगं, तुला पायाखाली लागत नव्हतं का काही?"

"मला वाटलं, पाय ठेवायला पट्टी केलीय," ती म्हणाली. "पण दाबली की गाडी थांबते, हे हातगाडी आडवी आली तेव्हाच लक्षात आलं होतं."

"मग सांगायचं नाही?"

"चांगलं चाललं होतं की."

हे आमच्या घरात नवीन नव्हतं. स्कूटरवर मागे बसून ती वर्षानुवर्षं ब्रेक मारत आलेली आहे. तेव्हा ब्रेक माझ्या खांद्यावर असायचा. समोर म्हैस दिसली की तिची पाच बोटं माझ्या खांद्यात रुतायची. माझ्या खांद्याला बरे दिवस येतील या आशेनेच मी चारचाकीत बसलो होतो.

ती पेडलं काढून टाकायची म्हणून मी हिला घेऊन वाहन कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या कारकुनाने सांगितलं, ही गाडी शिकवणीची म्हणून नोंदलेली आहे. खाजगी करायची तर मालकाकडे इथलं लायसन्स हवं. तुमचं तिकडचं लायसन्स इथे थोडेच महिने चालतं, म्हणजे नेमकं शाळेचं सत्र सुरू होताना संपतंय. इथलं हवं तर परीक्षा द्या. परीक्षेला दोन ब्रेकची गाडी लागते, म्हणजे परीक्षकाला जीव वाचवता येतो. लोक अशी गाडी भाड्याने आणतात आणि तुमची तर घरची आहे. मग काढता कशाला?

"परीक्षेनंतर काढलेली चालतील ना?" मी हिच्यामार्फत विचारलं.

"चालतील म्हणजे, काढावीच लागतील. घरच्या गाडीत दोन माणसांनी ब्रेक मारायला बंदी आहे."

हे वाक्य भाषांतर करून सांगताना हिचा चेहरा पडला. आलोच आहोत तर एका रांगेत दोन कामं होतील म्हणून मी तिचाही शिकाऊ परवाना काढून ठेवला. आपल्या माणसाला रांग वाया गेलेली बघवत नाही. लेखी परीक्षाही आम्ही दोघांनी मिळून दिली, म्हणजे नियमांचं पुस्तक तिने मोठ्याने वाचलं आणि मी आरामखुर्चीत मान डोलावली. दोघंही पास झालो.

मग आमचा सराव सुरू झाला. मी तिला बजावलं, "हे बघ, गाडी मी चालवतोय. तू पाय पोटाशी घेऊन बस."

"अहो, मी काय मुद्दाम करते? कोणी आडवं आलं की पाय आपोआप जातो. शिवाय आपल्याकडच्या हिशेबाने बघितलं तर ड्रायव्हरच्या जागी मीच बसलेय. तुम्ही शेजारी बसून नुसतं चाक फिरवताय."

गणिताच्या शिक्षिकेशी वाद घालू नये. ती उत्तरापासून सुरुवात करते. गाडी बंद पडू नये म्हणून पुढे पुढे तिने ब्रेकबरोबर क्लचही दाबायला सुरुवात केली, आणि खरं सांगायचं तर गचके थांबले. चौक आला की गाडी लोण्यासारखी थांबायची. माझी गाडी चालवण्यातली प्रगती बघून मी मनोमन खूश होतो. अनुभवकाकांनाही एकदा फिरवून आणलं. ते मागे बसले होते. उतरताना म्हणाले, "माझा अनुभव सांगतो, असं थांबवणं जमायला जन्म जातो." मी नम्रपणे मान खाली घातली. हिने काहीच खुलासा केला नाही.

दरम्यान उन्हाने दारांवरचा पांढरा रंग उडू लागला आणि आतून मोठमोठी लाल अक्षरं वर आली. "शिकाऊ चालक, सांभाळा" असा त्याचा अर्थ हिने सांगितला. त्या दिवसापासून सगळं शहर मला शिकवू लागलं. सिग्नलला शेजारचा ट्रकवाला वाकून सांगायचा, आरसा बघ. आईसफ्रूटवाला सांगायचा, खांदे सैल सोड. "सैल" मला कळायचं, म्हणून मी झाकण शोधायचो. जन्मभर दुसऱ्याच्या मालावर "नापास" असा शिक्का मारणाऱ्या माणसाला आईसफ्रूटवाल्याकडून सूचना घेणं किती जड जातं, ते कळायला त्या खात्यातच नोकरी केलेली असावी लागते.

अशाच एका सिग्नलला मागचं दार उघडलं आणि एक धट्टीकट्टी बाई आत येऊन बसली. मांडीवर इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं.

"काय सर, होतात कुठे इतके दिवस? माझे चार धडे राहिलेत."

ही लगेच मागे वळली आणि मोठ्या उत्साहाने भाषांतर करू लागली. बाईचं लाँड्रीचं दुकान होतं. तिने ड्रायव्हिंग स्कूलची पूर्ण फी भरली होती आणि अर्ध्यातच स्कूलवाला गाशा गुंडाळून गेला. मी समजावलं की मी तो नव्हे.

"गाडी तीच, ब्रेक तेच, भोकं तीच," बाई म्हणाली. "माणूस बदलला म्हणून माझे धडे बुडवणार?"

"हिला सांग, उतर म्हणावं."

"असं कसं सांगू?" ही म्हणाली. "अभ्यासक्रम अर्धवट ठेवायचा?"

झालं. पुढचे चार रविवार लाँड्रीवाली गाडी चालवत होती, ही शेजारी बसून ब्रेकवर पाय ठेवून शिकवत होती आणि मी माझ्याच गाडीत मागे गाठोड्यासारखा बसलो होतो. तरी बाई मला "सर" म्हणत राहिली, कारण गाडी माझी. हिला ती काहीच म्हणत नसे, नुसती ऐकत असे.

परीक्षेचा दिवस उजाडला. शाळा सुरू व्हायला आठवडा उरला होता. हिने साड्यांना इस्त्री करून ठेवली होती, नवीन पट्टी आणि कंपास घेतला होता. मला भाषा येत नाही म्हणून दुभाषी म्हणून तिला मागे बसायची परवानगी मिळाली. परीक्षक लठ्ठ आणि शांत होता. हिच्या जागेवर बसून त्याने छत्री मांडीवर आडवी ठेवली आणि नियम सांगितला. "मला ब्रेक मारावा लागला की तुम्ही नापास. बाकी काही नाही."

मी निर्धास्त होतो. गिअर टाकला, आरसा पाहिला, खांदे सैल सोडले. आईसफ्रूटवाल्याने पाहिलं असतं तर त्याचे डोळे भरून आले असते. समोर पहिला चौक आला. चौक आला की गाडी थांबते, हे मला गेल्या काही महिन्यांच्या अनुभवाने पक्कं ठाऊक होतं. मी प्रसन्न चेहऱ्याने थांबायची वाट बघू लागलो. गाडी थांबेना. चौक मोठा होत चालला. मधोमध उभा असलेला वाहतूक पोलीस हळूहळू मला ओळखू येण्याइतका जवळ आला. मागून हिचा पाय गाडीच्या तळावर आपटल्याचा आवाज झाला. पोलिसाने शिट्टी तोंडातून काढली आणि टोपी धरली. मग परीक्षकाने ब्रेक मारला.

परीक्षकाने पायाशी घरंगळलेली छत्री उचलली.

"तुमचा पाय कुठे होता?"

"नेहमीच्या जागी," मी म्हणालो.

त्याने वाकून पाहिलं. माझा पाय ब्रेकपासून चांगला वीतभर लांब, ऐसपैस पसरलेला होता. ब्रेकच्या रबरावर धूळ होती. मग त्याने स्वतःच्या पायाखालचं पेडल पाहिलं. ते झिजून गुळगुळीत झालं होतं. तो मागे वळला आणि हिला एक प्रश्न विचारला. तिने खालमानेने एका शब्दात उत्तर दिलं.

"काय विचारलं त्याने?"

"रोज ही गाडी थांबवतं कोण, म्हणून विचारलं."

खिडकीवरच्या कारकुनाने सांगितलं की नापास झालेल्या उमेदवाराला पुन्हा परीक्षेसाठी दोन महिने थांबावं लागतं. बाहेर आलो तर लाँड्रीवाली उभी. त्याच सकाळी, भाड्याच्या गाडीत, पहिल्या झटक्यात पास! तिने माझ्या हातात एक अननस दिला आणि वाकून म्हणाली, "सर, सगळी तुमची कृपा." तो अननस घेऊन मी गाडीत बसलो.

तिकडचं लायसन्स अजून आठवडाभर चालणार होतं, म्हणून घरी गाडी मीच नेली. वाटेत हिने एकदाही ब्रेक मारला नाही. दोन्ही पाय सीटखाली दुमडून ती खिडकीबाहेर बघत होती. कुत्री आडवी आली, हातगाड्या आल्या, एक आख्खी मिरवणूकभर शाळकरी पोरं आली, तिचा पाय हलला नाही. घामाने माझा शर्ट सीटला चिकटला. त्या दिवशी पहिल्यांदा मी गाडी एकट्याने चालवली. असं एकट्याने काही करायला मला मुळीच आवडत नाही, हे मला तेव्हा कळलं.

घरी आल्यावर तिने कंपास आणि पट्टी कपाटात ठेवली. "मुख्याध्यापिकाबाईंना उद्या कळवते," म्हणाली. आवाजात राग नव्हता. मला फार वाईट वाटलं. तिने माझ्या बदलीसाठी एक नोकरी सोडली होती आणि आता माझ्या पायापायी दुसरी चालली होती.

संध्याकाळी गॅलरीतून खाली पाहिलं, तर ती बंद गाडीत बसली होती. डावीकडे, स्टिअरिंग धरून. वरून अनुभवकाकाही बघत होते. मी खाली गेलो आणि उजवीकडचं दार उघडून बसलो. ज्या सीटवर मी पहिल्या दिवशी चुकून बसलो होतो तीच ही.

"कळवू नकोस," मी म्हणालो. "नापास झालेल्याला दोन महिने थांबावं लागतं. तू कुठे नापास झालीयेस?"

"मला कुठे येते?"

"निम्मी येते. अवघड निम्मी." मी स्टिअरिंगकडे बोट केलं. "चाक फिरवायला काय, मीसुद्धा फिरवतो."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की लग्नानंतर तसं पाहिल्याचं मला आठवत नाही. लग्नाच्या दिवशीही तिचं लक्ष पाहुण्यांकडे होतं.

रोज कारखाना सुटला की आम्ही त्याच्याच मागच्या अंगणात सराव करायचो. तिथे सदोष डब्यांचे ढीग असतात. पहिल्या दिवशी तिने त्यांतले दोन ढीग सपाट केले. मी त्या डब्यांवर आधीच "नापास" लिहिलेलं असल्याने कंपनीचं नुकसान झालं नाही. पण शेजारच्या सीटवर ब्रेकवर पाय ठेवून बसण्यात काय सुख असतं, हे मला तेव्हा समजलं. काही चालवायचं नाही, सगळं थांबवायचं! मी भिंत दिसली की मारायचो, डबा दिसला की मारायचो, कधीकधी नुसताच मारायचो.

"अहो, समोर काहीच नाहीये!"

"येईल," मी म्हणायचो.

आणि ती पहिल्या झटक्यात पास झाली. परीक्षकाने पूर्ण वेळ पाय उचलून सीटवर मांडी घातली होती, असं दुभाषी नसूनही मागे बसायला मिळालेल्या मला प्रत्यक्ष दिसलं. शाळा सुरू झाली त्या सकाळी तिने मला कारखान्याच्या दारात सोडलं आणि टेकडीकडे गेली. वळणावर तिने हात बाहेर काढून हलवला. झाकण बसताना येतो तसा एक आवाज माझ्या छातीत आला. घट्ट.

गाडी तिच्या नावावर खाजगी झाली. नियमाप्रमाणे शेजारचा ब्रेक काढायला ती गॅरेजमध्ये घेऊन गेली, त्या दिवशी मी उदास होतो. पण संध्याकाळी बसून बघतो तर पेडल जागच्या जागी!

"काढलं नाही?"

"राहू दे म्हटलं," ती म्हणाली. "तुम्ही सांगत फिरू नका म्हणजे झालं."

मी फक्त अनुभवकाकांना सांगितलं. "चालवते ती, पण थांबवतो मी." त्यांनी मान डोलावली. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही निघतो, चौक आला की मी दाबतो आणि गाडी लोण्यासारखी थांबते. पुलाच्या वळणावर तर मी नसतो तर काय झालं असतं, या विचाराने अंगावर काटा येतो. तीही मोकळेपणाने कबूल करते. दर दोन दिवसांनी म्हणते, "बरं झालं मारलात."

गेल्या आठवड्यात टपावरच्या भोकांना लाख लावून घ्यायला मी एकटाच गॅरेजमध्ये गेलो. आता मलाही भाषा बऱ्यापैकी येते, कारण शेजारच्या सीटवर बसून रस्त्यावरच्या पाट्या वाचण्याखेरीज दुसरं काय करणार? मी सहज म्हणालो, "ब्रेक छान ठेवलाय तुम्ही त्या बाजूचा."

"कसला ब्रेक, साहेब? त्याची तार तेव्हाच काढली. तपासणीवाल्याची सहीसुद्धा झाली."

"मग मी दाबतो ते काय आहे?"

"स्प्रिंग. बाई म्हणाल्या, पेडल तसंच ठेव आणि खाली चांगली कडक स्प्रिंग घाल. पायाला काम असलं की यांचं तोंड गप्प असतं." मग त्याला बहुधा माझा चेहरा बघवला नाही. त्याने हात पुसले आणि म्हणाला, "आणि म्हणाल्या, त्यांना बरं वाटतं."

सैल की घट्ट हे डोळे मिटून सांगणारा मी! इतके आठवडे ते पेडल दाबत होतो, आणि ते घट्ट आहे असा माझा ठाम अभिप्राय होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवून पाय सीटखाली दुमडून बसलो. काय होतं ते बघूच म्हटलं. पहिला चौक गेला. दुसरा गेला. गाडी आपली थांबत होती, निघत होती. ही एकदोनदा माझ्याकडे तिरकं बघून गेली. म्हणाली, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "छे, छे." मग पुलाच्या वळणावर अननसांची हातगाडी अचानक आडवी आली आणि माझा पाय मला न विचारता सुटला आणि पेडलवर गच्च बसला. गाडी हातगाडीपासून हातभर अंतरावर अलगद थांबली.

"वेळेवर मारलात हं," ती समोर बघत म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. मी सीटवर नीट सरसावून बसलो आणि म्हणालो, "मी आहे ना. तू निवांत चालव."